जास्त ट्रॅव्हलचा फोर्क बसवताना: आधी उंची मोजा, मग आरी चालवा

माउंटन बाइकला १२० मिमीच्या जागी १४० मिमी ट्रॅव्हलचा (दबण्याचं कमाल अंतर) फोर्क (पुढचं सस्पेन्शन) बसवायचा म्हणजे पुढचं चाक २० मिमी जास्त दबणार, एवढंच सहसा डोळ्यांसमोर असतं. पण फ्रेमला ट्रॅव्हलशी काही देणंघेणं नाही. तिला जाणवते ती फोर्कची उभी उंची, म्हणजे एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून क्राउनच्या (फोर्कचे दोन्ही पाय जोडणाऱ्या भागाच्या) वर क्राउन रेस, म्हणजे खालच्या बेअरिंगची कडी, जिथे बसते त्या पायरीपर्यंतचं अंतर. सायकल मागे झुकणं, पेडल जमिनीपासून वर जाणं, चढावर पुढचं चाक भरकटणं, सगळं या एका मापावरून ठरतं. दोन कंपन्यांचे १४० मिमी फोर्क शेजारी ठेवले तर या उंचीत ५ ते १० मिमीचा फरक सहज निघतो. म्हणून नुसतं १४० वाचून फोर्क घेऊ नका. जुन्या फोर्कची उंची टेपने मोजा, नव्याची कंपनीच्या तक्त्यातून काढा आणि वजाबाकी करा. पुढचा सगळा हिशोब त्या फरकावर चालतो.

उंचीने काय बदलतं

२९ इंची चाकांच्या सायकलला हा ठोकताळा चांगला लागू पडतो: उंची १० मिमीने वाढली की हेड अँगल (फोर्क ज्या अक्षाभोवती वळतो त्याचा जमिनीशी कोन) आणि सीट अँगल (सीटच्या नळीचा जमिनीशी कोन) दोन्ही साधारण अर्ध्या अंशाने झोपतात. बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या आसाची जागा) साधारण ३ मिमी वर येतो, रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंतचं आडवं अंतर) ५ मिमीने घटतो आणि बॉटम ब्रॅकेटच्या तुलनेत हेडट्यूबचं (फोर्क जिच्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीचं) वरचं तोंड ४ मिमी वर जातं.

एक उदाहरण घेऊ. हार्डटेलचा (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलचा) हेड अँगल ६७ अंश, सीट अँगल ७५, फोर्कची उंची २० मिमीने वाढली. कागदावर हेड अँगल ६६, सीट अँगल ७४, बॉटम ब्रॅकेट ६ ते ७ मिमी वर, रीच १० मिमी कमी. पण आपण कागदावर बसून सायकल चालवत नाही. २० टक्के सॅग (स्वाराच्या वजनाने फोर्कचं दबणं) धरला तर १२० चा फोर्क २४ मिमी दबतो आणि १४० चा २८. म्हणजे स्वार बसल्यावर उरणारा फरक २० नव्हे, १६ मिमी. कोनात तो पाऊण अंशाच्या आसपास भरतो. नव्या फोर्कमध्ये सॅग थोडा जास्त ठेवला तर आणखी कमी.

स्टिअरिंगवरचा परिणाम मात्र कोनाच्या आकड्यावरून पुरता कळत नाही. त्यासाठी ट्रेल (वळण्याचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचं अंतर) बघावा लागतो आणि ट्रेलमध्ये फोर्कचा ऑफसेटही (एक्सल त्या अक्षाच्या किती पुढे आहे ते अंतर) येतो. २९ इंची चाक, ६७ अंश आणि ५१ मिमी ऑफसेट असेल तर ट्रेल साधारण १०१ मिमी भरतो. कोन ६६ झाला की १०८. त्यातच नवा फोर्क ४४ मिमी ऑफसेटचा निघाला तर ११६. उतारावर वेगात सायकल रुळावर असल्यासारखी सरळ जाईल, पण सावकाश चढताना पुढचं चाक एका बाजूला कोसळल्यासारखं वळेल आणि हात सतत सावरत राहतील. म्हणून जुना फोर्क ५१ चा असेल तर नवाही शक्यतो ५१ चाच बघा. ट्रॅव्हल आणि ऑफसेट एकाच वेळी बदलले की कोणत्या बदलाने काय बिघडलं, ते शोधता येत नाही.

हार्डटेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागे सस्पेन्शन नसल्यामुळे फोर्क दबताना अख्खी सायकल मागच्या एक्सलभोवती पुढे झुकते. १४० मिमीचा फोर्क पूर्ण दबला की हेड अँगल ६६ वरून ७३ च्या घरात जातो. नेमक्या सगळ्यात मोठ्या दणक्याच्या क्षणी सायकल सर्वात उभी आणि चंचल होते. ट्रॅव्हल जितकं जास्त तितका हा झोका मोठा. हार्डटेलवर १६० लावून फायदा का होत नाही, याचं उत्तर इथे आहे. फुल सस्पेन्शनमध्ये मागचं टोकही दबतं, त्यामुळे झोका कमी राहतो.

फ्रेम किती सोसते

फोर्क म्हणजे हेडट्यूबला लावलेली तरफ. तरफ लांब झाली की त्याच धक्क्याने हेडट्यूबवर जास्त पीळ येतो, आणि तो सगळा हेडट्यूब व डाउनट्यूबच्या (हेडट्यूबपासून पेडलांकडे उतरणाऱ्या नळीच्या) जोडावर एकवटतो. प्रत्येक फ्रेमसाठी कंपनी कमाल फोर्क ट्रॅव्हल किंवा कमाल उंची सांगते. ती ओलांडली की वॉरंटी जाते, आणि त्याहून महत्त्वाचं, जोडाला चीर पडण्याचा धोका वाढतो. मूळ फोर्कपेक्षा १० मिमी जास्त पुष्कळ फ्रेम चालवून घेतात, २० मिमी काही घेतात. त्यापुढे जायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर फ्रेमच दुसरी बघा. क्रॉस कंट्रीसाठी बनवलेल्या हलक्या फ्रेमला ही सूट नाही असंच धरून चाला. दुहेरी क्राउनचा फोर्क तर ज्या फ्रेमला स्पष्ट परवानगी आहे तिलाच लावा.

काय जुळायला हवं

स्टिअरर ट्यूब, म्हणजे फोर्कची हेडट्यूबमधून वर जाणारी नळी, आधी बघा. जुन्या सायकलींत ही ट्यूब वरपासून खालपर्यंत सरळ, १ १/८ इंच म्हणजे २८.६ मिमी व्यासाची असते. हल्लीचे जवळजवळ सगळे फोर्क खाली दीड इंचाचे, निमुळते असतात. हेडट्यूबचा आतला व्यास ४४ मिमी असेल तर बाहेर बसणारा खालचा कप लावून निमुळता फोर्क बसतो. हा बाहेरचा कप स्वतःच १० ते १२ मिमी उंची वाढवतो, आणि ती वरच्या वजाबाकीत मिळवावी लागते. १२० ते १४० चा बदल असा नकळत ३० मिमीचा होतो. हेडट्यूब ३४ मिमीची असेल तर निमुळता फोर्क बसणारच नाही, तिथे थांबा.

मग एक्सल. १५×१०० चा (एक्सलचा व्यास × रुंदी, मिमीमध्ये) हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, १५×११० च्या बूस्ट (जास्त रुंद) फोर्कमध्ये घालायचा असेल तर दोन्ही बाजूंना ५-५ मिमीचे अडॅप्टर आणि रोटरखाली (ब्रेकच्या चकतीखाली) ५ मिमीचा स्पेसर, जास्त लांब बोल्टसकट लागतो. चालतं, पण नवीन हबावर चाक विणून घेणं जास्त पक्कं. जुन्या ९ मिमी क्विक रिलीजच्या हबाला एंड कॅप बदलून १५ मिमी करता येतं का ते हबाच्या मॉडेलवर आहे. नसेल तर पुढचं चाकच बदलायचं आहे, हे खर्चात आधीच धरा.

ब्रेक सोपा आहे. नव्या फोर्कचा माउंट थेट १६०, १८० की २०० मिमी रोटरचा आहे ते पाहून अडॅप्टर घ्या. जुना अडॅप्टर जसाच्या तसा लावला तर पॅड रोटरच्या कडेबाहेर जातात किंवा मधल्या जाळीवर घासतात. फोर्कला चालणारा सर्वात मोठा रोटर तक्त्यात दिलेला असतो.

क्राउन आणि डाउनट्यूब एकमेकांना धडकतात का, हे लोक हमखास विसरतात. सरळ डाउनट्यूबच्या फ्रेममध्ये हँडल पूर्ण वळवलं की क्राउनचा गोलवा किंवा तळाशी असलेला नॉब ट्यूबवर आपटतो. ट्रेकने काही फ्रेममध्ये हँडलचं वळणं अडवणारा नॉक ब्लॉक दिला तो याच कारणाने. स्टेम (हँडल धरणारा भाग) लावण्याआधी फोर्क हेडट्यूबमध्ये घालून दोन्ही बाजूंना फिरवून बघा.

नवा फोर्क हवाच असं नाही

एअर फोर्कच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ट्रॅव्हल ठरवणारा भाग म्हणजे आतला एअर शाफ्ट. त्याच बॉडीत जास्त लांबीचा शाफ्ट टाकला की १२० चा १३० किंवा १४० होतो. रॉकशॉक्सच्या पाइक आणि लिरिकसाठी असे वेगवेगळ्या लांबीचे शाफ्ट सुटे मिळतात. बॉडीची कमाल मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. फोर्कचं मॉडेल, वर्ष आणि चाकाचं माप पाहूनच शाफ्ट घ्या. स्टिअरर कापायचा प्रश्न नाही, ऑफसेट तोच राहतो, ब्रेकला हात लावायचा नाही. १० ते २० मिमी वाढवायचं असेल तर पहिला विचार हाच करा.

हवा आधी पूर्ण काढा, तीही टप्प्याटप्प्याने. निम्मी काढली की फोर्क दहा-बारा वेळा हलकेच दाबा म्हणजे निगेटिव्ह चेंबरची (पिस्टनच्या खालच्या बाजूची) हवाही निघते, मग उरलेली. चेंबरमध्ये दाब राहिला तर पुढे सर्क्लिप (शाफ्ट अडवणारी रिंग) काढताना शाफ्ट गोळीसारखा बाहेर येतो. डॅम्परच्या (उसळी आवरणाऱ्या भागाच्या) बाजूचा रिबाउंड नॉब (फोर्क परत वर येण्याचा वेग ठरवणारा) काढा. खालचे दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्यांच्या डोक्यात अ‍ॅलन की ठेवून प्लास्टिकच्या हातोडीने ठोका. शाफ्ट खालच्या पायांतून सुटल्याचं लगेच जाणवतं. मग बोल्ट काढून खालचे पाय ओढा. खाली भांडं ठेवा, जुनं तेल सांडणारच.

एअर बाजूच्या स्टँशनच्या (खालच्या पायात सरकणाऱ्या वरच्या नळीच्या) तळाशी सर्क्लिप असते. ती प्लायरने काढताना प्लायरचं टोक निसटून शाफ्टवर ओरखडा पडणार नाही याची काळजी घ्या, कारण एवढ्याशा ओरखड्यानेही सील कायमचं गळू लागतं. नवीन शाफ्टच्या सीलला कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावून आत ढकला. सर्क्लिपची धारदार कड बाहेरच्या बाजूला ठेवून बसवा आणि ती खाचेत गोल फिरते का बघा. फिरली नाही तर ती पूर्ण बसलेली नाही. फोमच्या रिंगा तेलात भिजवा, पाय चढवा, तळाच्या भोकांतून सिरिंजने तेल घाला. किती आणि कोणतं तेल ते मॉडेलनुसार बदलतं आणि दोन्ही पायांत वेगवेगळं असतं. तक्त्यातला आकडा मिलिलिटरमध्ये पाळा. जास्त तेल घातलं तर आतली हवा कोंडते आणि शेवटचं ट्रॅव्हल मिळत नाही. बोल्टखालचे वॉशर नवे टाका. ते कसण्याचा टॉर्क बहुतेक फोर्कना ७ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

नवा फोर्क: रेस, कापणं, बसवणं

चाक, ब्रेकचा कॅलिपर, टॉप कॅप (स्टेमवरचं झाकण), स्टेम या क्रमाने काढा आणि फोर्क सुटताना हाताने धरा. हेडसेटचे (हेडट्यूबमधल्या बेअरिंगच्या संचाचे) भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने कपड्यावर मांडा. फोटो काढून ठेवणंही उत्तम. वरच्या बेअरिंगवरची फटीची कॉम्प्रेशन रिंग छोटी असते आणि टेबलाखाली हरवते; ती नसेल तर खेळ (सांध्यातला सैलपणा) कधीच जात नाही.

जुन्या फोर्कवरची क्राउन रेस फटीची असेल तर बोटाने निघते. अखंड असेल तर पातळ स्क्रूड्रायव्हर खाली घालून आलटून पालटून दोन्ही बाजूंनी हलके ठोके द्या. एकाच बाजूने ठोकलं की रेस तिरकी अडकते. नव्या फोर्कवर बसवताना पायरीला ग्रीसचा पातळ हात द्या, रेसच्या आतल्या कडेवर टेकेल अशी जाड नळी घाला आणि नळीच्या वरच्या तोंडावर ठोका. ठोक्याचा आवाज बदलतो. रेस सरकत असते तोपर्यंत तो बोथट येतो, तळाला टेकली की कडक ठण असा होतो. तिथे थांबा. रेस आणि क्राउनमध्ये कागद जात असेल तर अजून बसलेली नाही.

आता लांबी. हेडट्यूब ११५, हेडसेटचे वरचे-खालचे भाग मिळून १२, स्पेसर १५, स्टेम ४०: एकूण १८२ मिमी. ट्यूबचं टोक सगळ्यात वरच्या भागाच्या ३ मिमी खाली राहिलं पाहिजे, म्हणजे १७९ ला कापायचं. ही ३ मिमीची जागा नसेल तर टॉप कॅप थेट ट्यूबवर टेकते, बोल्ट कितीही आवळा, बेअरिंगवर दाब येत नाही. वापरलेला फोर्क घेणाऱ्यांनी हीच बेरीज आधी करून बघावी. आखूड कापलेली ट्यूब वाढवता येत नाही.

पहिल्याच दिवशी शेवटच्या मापावर कापू नका. १५ ते २० मिमी जास्त ठेवा, तेवढे स्पेसर स्टेमच्या वर चढवा आणि दोन-तीन आठवडे चालवा. नवीन फोर्कने हँडल वर आलेलं असतं, नंतर ते खाली घ्यावंसं वाटतंच. एक खबरदारी हवी. स्टार नट (टॉप कॅपचा बोल्ट धरणारा, ट्यूबच्या आत ठोकलेला नट) तोंडापासून साधारण १५ मिमी खोल बसतो, म्हणजे नंतर नेमका कापण्याच्या जागी येतो. दुसऱ्यांदा कापण्याआधी तो आणखी खोल ठोका.

कापण्यासाठी ट्यूबच व्हाइसमध्ये धरा, मऊ जबडे लावून, आडवी. स्टँशन कधीही व्हाइसमध्ये धरू नका. मार्गदर्शक साचा नसेल तर दोन होज क्लिप ट्यूबवर आवळून त्यांच्यामधल्या फटीत हॅकसॉ चालवा. इंचाला ३२ दातांचं पातं घ्या. सील आणि स्टँशन कपड्यात गुंडाळा, कारण अ‍ॅल्युमिनियमचा एक कण सीलमध्ये गेला की स्टँशनवर रेघ उमटते. कापल्यावर बाहेरची कड कानशीने, आतली गोल कानशीने मारा. बोट फिरवून पाहा, कुठेही अडकायला नको. स्टार नट सरळ ठोका. तिरका बसला तर टॉप कॅपचा बोल्ट आटे खातो.

खालच्या बेअरिंगला ग्रीस, फोर्क वर, वरचं बेअरिंग, कॉम्प्रेशन रिंग निमुळती बाजू खाली, कव्हर, स्पेसर, स्टेम, स्पेसर, टॉप कॅप. टॉप कॅपचा बोल्ट फक्त खेळ काढण्यापुरता, १ ते ३ न्यूटन-मीटर. पुढचा ब्रेक दाबून, दुसऱ्या हाताची बोटं कव्हरच्या सांध्यावर ठेवून सायकल पुढे-मागे हलवा. ठकठक जाणवली तर बोल्ट पाव फेरा आवळा. पुढचं चाक उचललं की हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला वळलं पाहिजे. अडखळत वळलं तर जास्त आवळलंय. स्टेम चाकाशी सरळ करून त्याचे बोल्ट ५ ते ६ ला आलटून पालटून कसा. आधी स्टेम आणि नंतर टॉप कॅप, असा उलटा क्रम केलात तर खेळ कधीच निघणार नाही. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८. एक्सल त्यावर छापलेल्या आकड्याला.

हँडल दोन्ही टोकांना वळवून ब्रेकचा होज (तेलाची नळी) पाहा. फोर्क पूर्ण उघडा असताना होज ताणला जात असेल तर तो लांब घ्यावा लागेल. होज इकडून तिकडून फिरवून भागवू नका.

मग एक चाचणी, जी टाळायची नाही. हवा पूर्ण काढा, चाक लावा, फोर्क तळाशी दाबा आणि टायर व क्राउनमध्ये किती जागा उरते ते मोजा. निदान ६ मिमी हवी, आणि मॅन्युअलमध्ये जास्त सांगितली असेल तर तेवढी. मोठ्या आकाराचा टायर घातला असेल तर ही चाचणी त्याच टायरवर करा. चिखलाने हे अंतर आणखी घटतं. चालताना टायर क्राउनला लागला तर चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो.

हवा आणि बसणं

वजनाच्या तक्त्यावरून सुरुवातीचा दाब भरा. भरताना ५० पीएसआयनंतर थांबून दहा वेळा दाबा, पुन्हा भरा, पुन्हा दाबा. नाहीतर निगेटिव्ह चेंबर रिकामं राहून सॅग खोटा दिसतो. ट्रेलसाठी २० ते २५ टक्के धरा. १४० मिमीला ते २८ ते ३५ मिमी होतात. जुन्या फोर्कचा पीएसआय आकडा नव्यात घालू नका, त्याच्या चेंबरचा आकार वेगळा असतो. पूर्ण ट्रॅव्हल पुन्हा पुन्हा संपत असेल आणि सॅग बरोबर असेल तर आत एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) वाढवा. शेवटचे २०-३० मिमी कधीच वापरले जात नसतील तर एक काढा. रिबाउंड आधी मधोमध ठेवा.

बसण्याच्या जागेतला फरक लहान वाटतो, पण लांब चढावर कळतो. सीट अँगल एक अंश झोपला आणि सीट ७०० मिमी वर असली तर ती १२ मिमी मागे गेलेली असते. रेलवर तेवढी पुढे सरकवा, नाक एक-दीड अंश खाली करा. स्टेमखालचा १० मिमीचा एक स्पेसर वर घ्या. हँडल खाली येतंच, शिवाय गेलेल्या रीचपैकी ४ मिमी परत मिळतो. एवढं करूनही चढावर चाक भरकटत असेल तर सॅग दोन-तीन टक्क्यांनी वाढवून बघा. तेही पुरेसं नसेल तर १० मिमी आखूड शाफ्ट हा प्रामाणिक उपाय आहे.

ब्रेक मारताना टकटक येत असेल तर ती हेडसेटची की फोर्कच्या बुशिंगची (स्टँशन ज्यांच्यात सरकते त्या आतल्या कड्यांची) हे ओळखायला चाक ९० अंशात वळवून, ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. आता बुशिंगचा खेळ जवळजवळ जाणवत नाही, हेडसेटचा जाणवतो.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर क्राउन रेस अजून थोडी बसते आणि खेळ परत येतो. स्टेम सैल करून टॉप कॅप पुन्हा आवळा, मग स्टेम. त्याच वेळी फ्रेम पुसून हेडट्यूबच्या मागे, डाउनट्यूबच्या खालच्या जोडाजवळ उजेड तिरका धरून पाहा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि ती नखाला लागत असेल, तर सायकल त्याच दिवशी बाजूला ठेवा.